डिझेलचा कौल

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवाला तर नाहीच – आणि देवाला का नाही, ते पुढे कळेल. दोन-तीनदा अगदी ओठांवर आली होती. दर वेळी काहीतरी काम निघालं. निघालं, की मी काढलं? – काढलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ इतकी घट्ट झाकलेली, की आत काय आहे ते आपण विसरलो असं मी स्वतःला पटवायला लागले होते. पटत नाही. रोज सकाळी ती मूठ घेऊनच उठावं लागतं.

आधी माझा धंदा सांगते. मी दिल्लीत तेलाच्या भावाचे अंदाज बांधत असे. गोडं तेल नव्हे, कच्चं – जहाजांतून येतं, शुद्ध होतं, आणि मग त्याचं पेट्रोल, डिझेल, गॅस होतो. ते पुढच्या वर्षी काय भावानं मिळेल, चार-पाच वर्षांनी काय भावानं मिळेल, ते आकडेमोड करून सांगायचं. त्यावरून देशानं किती घ्यावं, किती साठवावं, कुणावर किती विसंबावं याची आखणी व्हायची. कचेरीचं नाव सांगत नाही. तिचा दोष असला तरी तो आज माझा विषय नाही.

मी मूळची मिठबावच्या बाजूची. समुद्र आणि आंब्याची कलमं यांच्या मधे आमची वाडी. वाडीनं माझ्या कामाचा अर्थ फार सोपा करून घेतला होता – 'शालू दिल्लीत बसान डिझेलचो भाव ठरवता.' मी म्हणायची, अहो, ठरवत नाही, नुसता अंदाज करते. पण हे मी हसत हसत म्हणायची. हसून नाकारलेली गोष्ट लोक खरी धरतात, हे काय मला माहीत नव्हतं?

महामारीचं दुसरं वर्ष होतं. तेल मधे इतकं स्वस्त होऊन गेलं होतं की विकणारे रडकुंडीला आलेले, आणि हळूहळू कुठे सावरत होतं. तेव्हाच आमच्याकडे पुढच्या काही वर्षांच्या आखणीचं काम चाललं होतं, आणि त्यातलं भावाचं प्रकरण माझ्याकडे होतं. भावाचा अंदाज कुणी शहाणा माणूस एका आकड्यात सांगत नाही. मधे एक रेघ काढतात – बहुधा असं होईल. तिच्या वर एक – फार महागलं तर इथवर. खाली एक – फार उतरलं तर इथवर. तिन्ही रेघा एकत्र पाहिल्या की उघडलेला हातपंखा दिसतो. पंखा जेवढा रुंद, तेवढी आपली खात्री कमी, असं त्यातून सरळ सांगितलेलं असतं.

माझा पंखा चांगलाच रुंद आला होता. वरची रेघ तर पार वर गेलेली. कारण साधं होतं. भाव पडल्यामुळे जगभरच्या कंपन्यांनी नव्या विहिरी खणणं थांबवलं होतं. आज विहीर खणली नाही तर उद्या तेल कुठून येणार? माणसं घराबाहेर पडली, कारखाने पुन्हा धडधडायला लागले, की मागणी उसळणार आणि पुरवठा मागे राहणार. त्यात कुठे लढाई लागली तर मग बघायलाच नको. हे मी लिहिलं होतं. स्वस्त आहे तोवर भरून ठेवा, हेही लिहिलं होतं. खडकात खोदलेल्या मोठमोठ्या गुहांत कच्चं तेल साठवता येतं; त्या गुहा वाढवा, लवकर वाढवा. आमच्या घरी पावसाच्या आधी सुकी मासळी, कोकमं, लाकूडफाटा यांची बेगमी करतात. तिला कुणी ऊर्जा सुरक्षा म्हणत नाही, पण गोष्ट तीच.

साहेबांना पंखा आवडला नाही. साहेब वाईट माणूस नव्हते; दिवाळीला सगळ्यांच्या घरी स्वतः मिठाई घेऊन येत. त्यांचं म्हणणं एवढंच, की इतका रुंद पंखा वर दाखवला तर लोक म्हणतील, यांना काहीच कळत नाही. बाकीच्या नावाजलेल्या संस्था म्हणताहेत की भाव शांत राहणार. मग आपणच काय म्हणून वेगळं बोलायचं? मी दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी वरची रेघ खाली आणली. नवा हिशेब काही केला नाही. हातानं आणली, खिडकीचा पडदा ओढावा तशी. भाव काही वर्षं शांत राहील असं प्रकरण तयार झालं. आणि शांतच राहणार तर साठवायची एवढी घाई कशाला? – म्हणून गुहांचा भाग दोन परिच्छेदांत आटोपला.

हाच गुन्हा असं समजून तुम्ही मला इथेच सोडून द्यावं, असं माझं एक मन आत्ताही म्हणतं आहे. कारण हा गुन्हा सोसवतो. त्या कागदावर माझ्याखेरीज इतर आठ-दहा जणांच्या सह्या आहेत. एवढ्या मोठ्या देशाची आखणी एका बाईनं रेघ ओढल्यानं बिघडली, असं म्हणणं हाही एक मोठेपणाच झाला. माझ्या निवृत्तीच्या समारंभात तर मी या रेघेवर विनोदही केला होता. सगळे हसले, साहेबही हसले. पण भालदादाचं नाव मी तिथे घेतलं नाही. ते मी कुठेच घेतलं नाही.

भालदादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. एकाच घरात वाढलो आम्ही. मला पोहायला त्यानं शिकवलं. म्हणजे होडीतून खाली ढकललं आणि मी वर येईपर्यंत हसत उभा राहिला. मी कॉलेजला सावंतवाडीला निघाले तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एस.टी.पर्यंत तोच आला. शाळा त्यानं सातवीत सोडली आणि त्याचं त्याला कधी दुःख झालं नाही. उलट शिकलेल्या माणसांबद्दल त्याच्या मनात एक भाबडा आदर होता. तो आदर मला फार आवडायचा. आता वाटतं, जरा कमी आवडायला हवा होता.

तो रापणकर. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीतून ते अर्ध्या वर्तुळात समुद्रात सोडतात, आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढत आणतात. एका घराचं हे काम नव्हे. सगळी वाडी दोराला लागते. मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात, आणि ज्यानं दोर धरला त्याला वाटा मिळतो – म्हातारा असो, विधवा असो, नुसता दोराच्या शेपटाला हात लावून उभा असो. रापणीत असणं म्हणजे वाडीत असणं. ती सोडून जो यांत्रिक बोट घेतो, त्यानं नुसता धंदा बदलला असं आमच्याकडे धरत नाहीत. कारण त्या बोटी किनाऱ्याच्या जवळ येऊन तीच मासळी उचलतात, जी रापणीत यायची असते. तो माणूस पलीकडचा झाला असं धरतात.

तरीही भालदादाला बोट घ्यायची होती, आणि ती हौसेनं नव्हे. त्याचा एकुलता मुलगा महेश दोडामार्गला भाड्याच्या खोलीत राहून रोज गोव्यात एका कारखान्यात जायचा. रापणीच्या वाट्यात तरणा माणूस घर चालवू शकत नाही, हे खरंच होतं. मालवणातला एकजण आपला ट्रॉलर विकत होता. वाटणीची कलमं दिली तर तो घेता येईल, बोट असली की महेश घरी येईल, घरी आला की त्याचं लग्न, मग अंगणात पोरं – एवढं सगळं भालदादानं मनात मांडून ठेवलं होतं. अडचण एकच. ट्रॉलर डिझेल पितो. डिझेल महागलं तर समुद्रात जाऊन येणंच परवडत नाही.

त्या वर्षी देवाच्या जत्रेला मी गावी आले होते. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून तो बांगडे साफ करत होता. सुरी चालवता चालवताच म्हणाला, 'शालू, तू माका एकच सांग. डिझेल वाढतला?'

मी काय सांगायला हवं होतं? – दादा, मला माहीत नाही. पण भीती वाटते. एवढंच. त्यासाठी कुठली पदवी लागत नव्हती. मी म्हटलं, 'वाढूचा नाय. चार वर्षां तरी नाय.' दिल्लीत इतकी वर्षं काढूनही माझी मालवणी कशी शाबूत आहे, याचं मला त्या क्षणी कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

पुढे जे झालं ते सरळ होऊ शकलं असतं. पण भालदादा देवाला विचारल्याशिवाय विहिरीचा रहाटही बदलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात कौल लावायचं ठरलं. ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगते – गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालून देवापुढे प्रश्न ठेवायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे लग्नं, विहिरी, भावाभावांची भांडणं सगळं यावर ठरतं. मी अर्थशास्त्र शिकलेली बाई. माझा यावर विश्वास नाही, असं मी चारचौघांत सांगत आले.

आमच्या देवळात कौलाच्या वेळी बायका मागे, खांबांच्या आडोशाला उभ्या राहतात. त्या दिवशी मला पुढे बसवलं. रापणीचा तांडेल, म्हणजे जो सगळ्यांना दोरावर हाक देतो तो, आणि गावचे मानकरी यांच्या ओळीत खुर्ची मांडून. का? तर शालू दिल्लीत डिझेलचा भाव ठरवते. माझी आई जन्मभर ज्या खांबामागे उभी राहिली, तो खांब आता माझ्या पाठीमागे होता. काय वाटलं म्हणून सांगू? फार बरं वाटलं. इतकं बरं दिल्लीतल्या कुठल्याच बैठकीत वाटलं नव्हतं.

गुरवानं कळ्या लावल्या. गाऱ्हाणं झालं, सगळे 'होय म्हाराजा' म्हणाले. प्रश्न असा ठेवला होता, की भालचंद्रानं रापण सोडून बोट घ्यावी का? आम्ही सगळे पाषाणाकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं डावी कळी पडली.

'देवान डावो दिल्यान,' गुरव म्हणाला.

भालदादाचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. मग त्यानं सुटका झाल्यासारखा श्वास सोडला – मी जवळून पाहिलं ते. हात जोडून म्हणाला, 'मगे रवांदे. देव नको म्हणता तर नको.'

तो थांबत होता. हे नीट ऐका, कारण यात सगळं आलं. तो माणूस थांबत होता. कलमं राहणार होती, दोर राहणार होता, वाडी राहणार होती. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसण्यात मी किती तरबेज आहे ते पुढे दिसलंच.

पण मला राग आला होता. कुणाचा? सांगायला लाज वाटते – देवाचा. काल मी खळ्यात डिझेल वाढणार नाही म्हटलं होतं, आणि आज सगळ्या मानकऱ्यांच्या देखत देवानं माझं म्हणणं खोडलं होतं. ज्याच्यावर माझा विश्वास नाही, त्या देवाला मी प्रतिस्पर्धी मानून बसले. मी खुर्चीतूनच म्हटलं, 'प्रश्न दोन आसत. रापण सोडूची काय, ह्यो एक. बोट घेवची काय, ह्यो दुसरो. देवाक एका येळाक एकच इचारा.'

देवळात जरा कुजबुज झाली. प्रश्न फिरवून पुन्हा कौल लावतात आमच्याकडे, ते काही पाप नाही. देवाचं म्हणणं उलगडत नसेल तेव्हा तसं करतात. पण त्या दिवशी देवाचं म्हणणं उलगडलेलं होतं. एक म्हातारे मानकरी मान हलवत म्हणाले, 'शिकलेल्यांचा डोक्या तां.' गुरवानं नव्या कळ्या लावल्या. रापणीचं नाव आता प्रश्नात नव्हतं. नुसतं, बोट घ्यावी का? उजवी पडली.

दिल्लीत मी हेच केलं होतं. उत्तर नको ते आलं, म्हणून प्रश्न अरुंद केला. फरक एवढाच, की तिथे साहेबांनी सांगितलं म्हणून केलं. इथे मला कुणी सांगितलं नव्हतं.

भालदादानं कलमं दिली आणि बोट घेतली. वाडीनं भांडण केलं नाही. आमच्याकडे भांडणं त्यापेक्षा क्षुल्लक गोष्टींवर होतात. फक्त रापण लागायची त्या पहाटे त्याच्या दारावर हाक आली नाही. पहिले काही महिने त्यानं ते मनावर घेतलं नाही, कारण महेश परत आला होता. बापलेक मिळून समुद्रात जायचे. त्याची बायको, सुनंदा वयनी, फोनवर बोलताना मधेच थांबून म्हणायची, थांब गो, दोघांका जेवूक वाढतंय – आणि त्या 'दोघांका' शब्दावर जरा रेंगाळायची. माझ्यासाठी सुक्या सोड्यांची पिशवी दिल्लीला आली. मी ती घेतली. आमटीत घालून खाल्लीही.

मग माणसं घराबाहेर पडली, कारखाने धडधडायला लागले, आणि लांब कुठेतरी लढाईही लागली. मी जे खोडलं होतं ते ओळीनं होत गेलं. डिझेल चढलं. बोट बाहेर काढायची म्हणजे आधी टाकी भरायची, आणि परत आल्यावर मासळीतून डिझेलही सुटत नाही. आज जाऊया की उद्या, असं करता करता बोट आठवडाआठवडा किनाऱ्यावर राहायला लागली. महेशनं एक पावसाळा वाट पाहिली आणि पुन्हा दोडामार्गची खोली घेतली. पुढच्या नारळी पौर्णिमेला सगळ्यांनी आपापल्या होड्यांवर पावसासाठी घातलेली झावळ्यांची झापं काढली, समुद्राला नारळ दिला. भालदादाच्या बोटीवरची झापं तशीच राहिली. नंतर ती बोट मिळेल त्या किमतीला गेली.

मी गेले भेटायला. घाबरतच गेले. तर तोच मला समजावायला लागला. 'तुजी काय चूक? थंय लढाई लागतली, ता तुका दिल्लीत बसान दिसतला काय?'

यावर मी काय केलं? मान हलवली. हो ना रे, म्हटलं, कुणालाच कळलं नाही. तेलाचं असंच असतं, म्हटलं. मोठमोठ्या संस्था चुकल्या, म्हटलं. आणि यातलं एकेक वाक्य खरंही होतं, म्हणजे बघा.

आता ते सांगते, जे इतका वेळ टाळत आले. इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असेल, बाई चुकली, गर्वानं आंधळी झाली, पण अंदाज चुकण्याला गुन्हा म्हणत नाहीत. बरोबर आहे. मी चुकले असते तर हे लिहायला बसलेच नसते.

त्या जत्रेला गावी येण्याच्या थोडेच दिवस आधी आम्ही नवी गाडी नोंदवली होती. माझ्या नवऱ्याला, सुधीरला, डिझेलची गाडी हवी होती; लांबच्या प्रवासाला बरी पडते म्हणून. रंगही ठरला होता. मी ती नोंदणी रद्द करायला लावली. त्यानं विचारलं, का? मी म्हटलं, डिझेल भडकणार आहे. तो म्हणाला, पण तुझ्याच कागदात तर उलट आहे. मी म्हटलं, कागद कागदाच्या जागी. आम्ही विजेवर चालणारी गाडी घेतली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण – हे मी शाळेत अनेकदा लिहिलं होतं. स्वतःला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे खळ्यात त्यानं विचारलं तेव्हा मला माहीत होतं. देवळात उजवी कळी पडली तेव्हा मला माहीत होतं. निदान इतकं तरी नक्की माहीत होतं, की माझ्या त्या अंदाजावर मी माझे स्वतःचे पैसे घालायला तयार नाही. त्याची कलमं घालू दिली.

सुधीरला यातलं काही ठाऊक नाही. म्हणूनच तो बोलून गेला. गेल्या वर्षी आम्ही दोघं गावी आलो होतो, बोट जाऊन बरेच दिवस झाले होते. भालदादा पडवीत बसून सुपारी कातरत होता. सुधीर गप्पांच्या ओघात माझं कौतुक करायला लागला. बायको हुशार हो, म्हणाला. मी डिझेलची गाडी घेणार होतो, हिनं घेऊ दिली नाही, तेव्हाच म्हणाली भडकणार आहे, तुमच्या त्या जत्रेच्या आधीची गोष्ट. अडकित्ता थांबला. भालदादानं वर पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. मग अडकित्ता पुन्हा चालू झाला, आणि तो म्हणाला, 'बरा केल्यात.' बस्स. त्यानंतर आजतागायत त्यानं मला त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? तेव्हाही काहीतरी काम काढलं असतं.

दोन दिवसांनी रापणीची बैठक होती, देवळातच. भालदादानं पुन्हा रापणीत घ्या म्हणून विनंती केली होती. मला तिथे बसायचं कारण नव्हतं, पण बोलावलं, आणि मी गेले. मला वाटतं, मी काही बोलणार होते. घरून निघताना तरी तसं वाटत होतं.

तांडेल विचार करून बोलणारा माणूस. त्यानं ओरडाआरडा केला नाही. इतकंच विचारलं, 'भाल्या, सगळ्यांका टाकून गेलंस तो कोणाच्या सांगण्यावर गेलंस?'

हा प्रश्न टोमणा मारायला विचारलेला नव्हता. तो त्याच्यासाठी उघडून धरलेला दरवाजा होता. फसवल्या गेलेल्या माणसाला आमची वाडी परत घेते; कुणाच्या नादानं गेला, ठेच लागली, आला, चालतं. हव्यासानं गेलेल्याला घेत नाही. तांडेलाला उत्तर ठाऊक होतं. देवळात प्रश्न फिरवायला कुणी लावला, ते तिथे बसलेल्या अर्ध्याअधिक माणसांना आठवत होतं. सगळे थांबले होते. भालदादानं फक्त माझं नाव घ्यायचं होतं. आणि त्यानं नाही घेतलं, तर मी घ्यायचं होतं.

तो म्हणाला, 'कोणाच्याच नाय. माजोच हव्यास.'

तांडेलानं एकदा माझ्याकडे पाहिलं. सावकाश पाहिलं, मला वेळ देत. एक वाक्य लागत होतं – माझ्या सांगण्यावर गेला, आणि मला खरं माहीत होतं. मालवणीत म्हटलं असतं, मराठीत म्हटलं असतं, चाललं असतं. मी मांडीवरची ओढणी सारखी केली.

पुढल्या वर्षी बघू, असं ठरलं. आमच्याकडे 'पुढल्या वर्षी बघू' याचा अर्थ सगळ्यांना कळतो. भालदादा उठला, बसलेल्या सगळ्यांना त्यानं हात जोडले – मलाही – आणि गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गोव्याला गेला, कुणाच्या तरी ट्रॉलरवर खलाशी म्हणून, या वयात. अजून तिथेच आहे. मी गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा घरात वयनी एकटीच होती. ती तक्रार करत नव्हती. चुलीतलं लाकूड पुढे सारता सारता म्हणाली, 'झिलाक, महेशाक, घराक हाडूक गेलो, आणि आपणच गेलो.'

मी उभीच होते. तिला तरी सांगावं, एवढं मनात आलं होतं. ती म्हणाली, 'इतक्या लांबसून येतंस, जेवान जा गो.' तिनं पाट मांडला, पान वाढलं. बांगड्याचं तिखलं होतं. मी जेवले.